शाल, श्रीफळ आणि शेवटचं पान

(स्थळ : जुन्या वस्तीतली एक खासगी सर्क्युलेटिंग लायब्ररी. कपाटांवर चिकटवलेल्या पट्ट्या : सामाजिक, ऐतिहासिक, रहस्य-गूढ-भय, पाककृती व इतर. वेळ दुपारची, म्हणजे मालिकांचं पुनःप्रक्षेपण संपून सभासद बाहेर पडण्याआधीची. एक लेखक, नुकतीच पहिली रहस्य कादंबरी पदरचे पैसे घालून काढलेला. समोर लायब्ररीवाले, हातात डिंकाची बाटली.)

लेखक : नमस्कार काका. गेल्या महिन्यात पुस्तक ठेवून गेलो होतो. प्रतिसाद कसा आहे?

लायब्ररीवाले : बघतो हं. (पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी बघतात.) एक शिक्का आहे. दोन तारखेला गेलं, तीनला परत.

लेखक : एका रात्रीत वाचून काढलं! कोण हो हा वाचक?

लायब्ररीवाले : सभासद क्रमांक २१४. तुमच्या घरच्याच.

लेखक : (घसा साफ करत) असू दे. पण मला एक कळत नाही. प्रकाशन काय दणक्यात झालं होतं! हॉल भरलेला, मागे लोक उभे. दोन प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ, बटाटेवडा. फेसबुकवर पावणेतीनशे जणांनी अभिनंदन केलं. मग हे सगळे वाचक गेले कुठे?

लायब्ररीवाले : ते वाचक नव्हतेच, साहेब, ते वऱ्हाडी होते. लग्नाला आलेला पाहुणा संसार चालवायला येत नाही. हॉलमध्ये तुमच्या ऑफिसचे लोक होते, सोसायटीचे होते, वहिनींच्या माहेरचे होते. ते तुमच्यासाठी आले होते, खुनासाठी नाही. त्यांच्यातल्या कोणी पुस्तक घेतलं असेल तर ते अहेर म्हणून, आणि अहेराचं पाकीट घरी जाऊन कोणी वाचत बसत नाही. आता ज्याला खून हवा असतो तो माणूस बघा. तो इथे येतो, चप्पल काढायच्या आधी विचारतो, ‘नवीन काय आहे?’ आणि सरळ तिसऱ्या कपाटाकडे जातो. त्याला तुमचं नाव माहीत नाही, तुमच्या समारंभाचं आमंत्रण गेलेलं नाही. पण तो तयार वाचक आहे. तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून तो या कपाटापुढे उभा आहे. तुम्ही वाचक घडवायला निघालात, तिथेच गाडी चुकली. तो घडवायचा नसतो, तो जिथे उभा आहे तिथे जायचं असतं.

लेखक : पण म्हणजे माझं लेखन एका पट्टीखाली कोंबायचं? ‘रहस्य-गूढ-भय’? माझी कादंबरी ही मानवी एकाकीपणाचा शोध आहे. ब्लर्बवर तसं लिहिलंय.

लायब्ररीवाले : वाचलं. म्हणूनच पहिल्या आठवड्यात चुकून ‘सामाजिक’मध्ये लावलं होतं. तिथल्या एका बाईंनी चाळलं, दुसऱ्याच प्रकरणात विहिरीत प्रेत निघालं, तशा मिटून ठेवून गेल्या. आणि प्रेत शोधणारे या बाजूला फिरकले नाहीत, कारण मुखपृष्ठावर संध्याकाळ आणि एक रिकामा बाक. साहेब, पट्टी म्हणजे बेडी नव्हे, पत्ता आहे. पत्त्याशिवाय पत्र टाकलं की ते पोस्टातच पडून राहतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन ‘अर्नाळकर द्या’ म्हणण्याआधी ‘झुंजार आहे का?’, ‘काळा पहाड आहे का?’ विचारायचं. धनंजय आणि छोटू ही जोडी घरोघरी ओळखीची होती. लेखक एकटा, पण त्याच्या वतीने चार-पाच माणसं लोकांच्या तोंडी फिरत होती, बिनपगारी. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप तसाच. ही जाहिरात पुस्तकाच्या पोटातच असते, बाहेरून चिकटवावी लागत नाही. एक वाचलं की दुसरं मागायचं, एवढंच. तुमचा नायक कोण?

लेखक : इन्स्पेक्टर. निवृत्त. एकाकी. (अभिमानाने) शेवटच्या प्रकरणात मरतो.

लायब्ररीवाले : (डिंकाची बाटली खाली ठेवत) मारलात?

लेखक : हरिश्चंद्रगडावर. कोकणकड्यावरून खाली जातो. त्याशिवाय कलाकृतीला उंची येत नव्हती.

लायब्ररीवाले : उंची कोकणकड्याला आहेच हो, त्यासाठी माणूस कशाला खर्ची घातला? बरं, ते नंतर बघू.

लेखक : अर्नाळकरांचा काळ वेगळा होता, काका. तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाइल नव्हता. संध्याकाळी माणसाला करायला दुसरं होतं काय? आज लोक वाचतच नाहीत. तुमचीच लायब्ररी बघा, शेजारचा अर्धा गाळा तुम्ही मोबाइल कव्हरवाल्याला दिलाय.

लायब्ररीवाले : दिलाय, आणि भाडं तोच वेळेवर देतो. तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. अशा लायब्रऱ्या बंद पडल्या, हे नाकारून मी स्वतःलाच फसवणार नाही. पण वाचक मेला आणि वाचक हलला, यात फरक आहे. रहस्याचा वाचक कायम हलत आला आहे. हरिभाऊ आपट्यांच्या वेळी तो साप्ताहिकाच्या हप्त्यावर बसला होता. १८९० साली ‘करमणूक’ निघालं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यात प्रकरणाप्रकरणाने येत गेली. ती काही खुनाची गोष्ट नाही, पण पुढच्या हप्त्याची वाट बघायला लावणं ही युक्ती तीच. मग १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि वाचकाला वर्षातून एकदा एका ठिकाणी जमायची सवय लागली. पुढे अनंत अंतरकरांनी ‘नवल’ काढलं, ते अद्भुताची, गूढाची चटक असलेल्यांसाठीच. ‘धनंजय’चा दिवाळी अंक रहस्य, भय आणि विज्ञानकथांसाठी लोक आजही मागतात. इथे दिवाळीनंतर आम्ही अंकांची योजना लावतो. एकदा पैसे भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्या. त्यात तुम्हाला सांगतो, ज्याला रहस्य हवं तो शंभर अंकांच्या गठ्ठ्यातून तेवढेच दोन बोटांनी उपसून काढतो. अशा अंकात तुमची एक बारा पानी कथा आली असती, तर ती वाचून माणसाने काउंटरवर विचारलं असतं, ‘ह्याचं आणखी काही आहे का?’ हा एक प्रश्न तुमच्या त्या पावणेतीनशे अभिनंदनांपेक्षा वजनदार आहे. कारण त्याने आधी चव घेतली आहे. दुकानात श्रीखंडाची चव द्यायला चमचा पुढे करतात, डबा फोडून देत नाहीत. तुम्ही सरळ तीनशे वीस पानांचा डबा पुढे केलात.

लेखक : अंकात छापून यायला नाव लागतं. संपादक नावं बघतात. तुम्ही मला एक तरी उदाहरण द्या, नाव नसताना कोणाला वाचक मिळाल्याचं.

लायब्ररीवाले : ना. वि. जगताप.

लेखक : कोण हे? कधी ऐकलं नाही.

लायब्ररीवाले : तेच तर! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. ज. वि. ना. चं ना. वि. ज. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतलेली. जगभर नाव असलेला माणूस नाव लपवून स्पर्धेत उतरतो, याचा अर्थ काय? त्याला बघायचं होतं की ही कथा, या प्रकारची कथा, तिच्याच जाणकारांपुढे स्वतःच्या पायावर उभी राहते का. राहिली.

लेखक : हं! आणि पुढे पुस्तकं खपली ती नारळीकर या नावावरच की. जगतापांची किती खपली?

लायब्ररीवाले : (हसत) हा नेम बरोबर लागला. नावाने मदत केली, भरपूर केली. पण खगोलशास्त्रज्ञ मराठीत आणखीही झाले असतील, त्या सगळ्यांना काही शाळेतल्या पोरांनी डोक्यावर घेतलं नाही. नावाने दार उघडतं, आत बसवून ठेवतं ते लेखन. आणि तुम्ही पट्टीला घाबरता ना, तर विज्ञानकथेच्या पट्टीखालून निघालेला हा लेखक २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. रहस्यकथेच्या वाट्याला तो मान आला नाही, हे मात्र कबूल. अर्नाळकरांना कोणी त्या खुर्चीवर बसवलं नाही. तुम्हाला खुर्ची हवी असेल तर रिकामा बाक ठेवा मुखपृष्ठावर. वाचक हवा असेल तर विहीर ठेवा.

लेखक : मग ग्रंथालयांचं काय? प्रकाशक म्हणाले, ‘काळजी करू नका, सरकारमान्य यादीत घालू, गावोगावची ग्रंथालयं घेतील.’

लायब्ररीवाले : घेतील. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदानाची व्यवस्था लागली, खेड्यापाड्यांत पुस्तकं पोचली. चांगलंच झालं ते. पण खपणं आणि वाचलं जाणं ही सख्खी भावंडं नाहीत, चुलत आहेत. मार्चअखेर आली की खरेदीची घाई होते. गठ्ठा येतो, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, पहिल्या पानावर शिक्का, सतराव्या पानावर शिक्का, की पुस्तक कपाटात. कपाटाला कुलूप. प्रकाशक खूश, हिशेब पुरा, आणि तुमचा इन्स्पेक्टर कसरीच्या तोंडी. माझ्याकडे शिक्का मागच्या चिठ्ठीवर पडतो, तो मला महत्त्वाचा. या, दाखवतो. (कपाटातून एक पुस्तक काढतात.) हे नारायण धारप. चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिकटवतो. मोजा किती झाल्या.

लेखक : (नखाने कडा उचकत) चार… पाच. पापडासारखी जाड झाली आहे. आणि हे काय? बाराव्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘म्हाताऱ्यावर लक्ष ठेवा.’

लायब्ररीवाले : वाचकांचा आपसातला पत्रव्यवहार. एक दुसऱ्याला ओळखत नाही, पण काळजी घेतो. दुष्ट लोकही असतात. एकाने दुसऱ्याच पानावर लिहून ठेवलं होतं, ‘खुनी माळी’. मी खोडून टाकलं, तर पुढच्याने खोडलेल्यावर लिहिलं, ‘खोडलं म्हणजे माळीच.’ पुस्तक त्यानंतरही जातंच होतं. अशी टोळी असते एकेका प्रकाराची. ती पैसे न घेता प्रचार करते, फक्त तिला कळायला हवं की तुम्ही तिच्यातले आहात. स्वतःचं पुस्तक विकायला आलेला लेखक ती लांबून ओळखते. धारपांवर, सुहास शिरवळकरांवर तासभर बोलू शकणारा लेखक तिला आपला वाटतो.

लेखक : धारपांना सिनेमा मिळाला हो! ‘तुंबाड’ आला आणि लोक त्यांची कथा शोधत सुटले. शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर सिनेमा आला. मलाही कोणी दिग्दर्शक भेटला तर…

लायब्ररीवाले : ‘दुनियादारी’ कादंबरी १९८२ची, सिनेमा २०१३चा. मधली एकतीस वर्षं ते पुस्तक कोणी जागं ठेवलं? कॉलेजातल्या पोरांनी. एकाची प्रत दुसऱ्याच्या होस्टेलवर, तिथून तिसऱ्याच्या गावी, परत कधीच नाही. शिरवळकर २००३ सालीच गेले, त्यांनी तो सिनेमा पाहिलाही नाही. सिनेमा वाळलेल्या लाकडाला लागतो, साहेब. ओल्या लाकडाला काडी लावून नुसता धूर. आता नवी जागा म्हणाल तर कानाची आहे. २०१७ला स्टोरीटेल भारतात आलं, मराठी ऐकणारे मिळाले. भाजी चिरताना, गाडी चालवताना, तिकडे न्यू जर्सीत बर्फ उपसताना माणूस गूढकथा ऐकतो. तिथेही पट्टी आहेच बरं का, आणि तिथेही लोक मालिकाच धरून ऐकतात. कपाट बदललं, गिऱ्हाईक तेच.

लेखक : म्हणजे मी अर्नाळकरांसारखी हजार पुस्तकं पाडायची? माझी बायको घटस्फोट घेईल. तुमचा एकुलता एक शिक्काही जाईल.

लायब्ररीवाले : हजार नकोत. तीन पुरेत. एका पुस्तकाने वाचकाला तुमची ओळख होते, दुसऱ्याने खात्री पटते, तिसरं आलं की तो आधीची दोन दुसऱ्याला देतो. पहिल्या पुस्तकाची सगळ्यात चांगली जाहिरात म्हणजे दुसरं पुस्तक, आणि तुमचा तर नायकच…

(एक आजी येतात. हातात कापडी पिशवी, चष्मा कपाळावर.)

आजी : काय रे, खुनाचं काही नवीन?

लायब्ररीवाले : हे बघा आजी. विहिरीत प्रेत आहे.

आजी : (पुस्तक उलटं करून थेट शेवटचं पान बघतात.) कोण मरतं?… अरे, हा पोलिसच मेला की! मग पुढचा भाग कसा येणार? एकच असेल तर नको बाई मला. जीव लावायचा आणि पुन्हा भेट नाही.

लेखक : आजी, कॉनन डॉयलनेसुद्धा शेरलॉक होम्सला धबधब्यात…

आजी : १८९३ला ढकललं आणि १९०३ला परत आणलं. भालबा केळकरांचे अनुवाद पाठ आहेत माझे. धबधब्यात प्रेत सापडलंच नव्हतं, म्हणून जमलं. तुमच्या या माणसाचं सापडलं का?

(शांतता. लेखक पुस्तक हातात घेतो, शेवटचं पान उघडतो, बोट ओळींवरून फिरवतो.)

लेखक : ‘कड्याखालच्या धुक्यात तो दिसेनासा झाला’… एवढंच लिहिलंय.

लायब्ररीवाले : बघा.

आजी : मग दे. सभासद क्रमांक ८७. आणि पुढचा भाग कधी?

लेखक : (लायब्ररीवाल्यांच्या खिशातलं पेन काढून घेत) गणपतीपर्यंत.