पातळ रक्ताची कैफियत

'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' हे वाक्य शल्यविशारदाच्या मुखातून बाहेर पडले की नातेवाईक पेढे आणावयास धावतात, आप्तेष्ट नवस फेडावयास निघतात आणि रुग्णालयाचे हिशेबखाते खडबडून जागे होते. परंतु त्या यशाची वहिवाट ज्याने पुढे आमरण करावयाची, त्या रोग्याच्या हाती घरी जाण्याच्या परवानगीबरोबर गोळ्यांचा जो जाबता पडतो, तो सविस्तर वाचून पाहण्याची बुद्धी त्या आनंदाच्या भरात कोणासच होत नाही. इ. स. 1802 च्या डिसेंबरअखेर वसईस इंग्रजांशी तह करताना दुसऱ्या बाजीरावाच्या मनाची अवस्था काहीशी अशीच असावी. जीव वाचला, गादी परत मिळणार आणि संरक्षणास तैनाती फौज येणार, एवढेच त्याला त्या घटकेस दिसले असेल. फौजेच्या खर्चास तोडून द्यावयाच्या मुलखाचे कलम नेहमी मागाहूनच डोळ्यांत सलू लागते. माझ्या हृदयाच्या संरक्षणार्थ नेमलेल्या तैनाती फौजेचे नाव वॉरफेरिन असून, तिच्या खर्चास लावून दिलेल्या मुलखाची ही कैफियत आहे.

मूळ दुखणे बाळपणीचे. घसा सुजण्याचे निमित्त होऊन जो सांधेदुखीचा ताप येतो, तो सांध्यांतून काही आठवड्यांत निघून जातो, पण हृदयाच्या झडपेत कधी कधी ठाण मांडून बसतो आणि मनुष्य नोकरीत स्थिरस्थावर झाल्यावर, वीस-तीस वर्षांनी, आपली थकबाकी व्याजासह वसूल करतो. जिन्याच्या निम्म्यावर दम लागून मी कठडा धरू लागलो, तेव्हा झडप बदलण्यावाचून गत्यंतर नाही असे ठरले, आणि डॉक्टरांनी दोन पर्याय पुढे ठेवले: एक डुकराची झडप, दुसरी कार्बनची. पहिली दहा-पंधरा वर्षांत झिजते व पुन्हा छाती उघडावी लागते. दुसरी जन्मभर टिकते, मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवावे लागते. डुकराचे नाव ऐकताच आमच्या आत्याबाईंनी प्रथम कानांवर हात ठेवले, परंतु दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपून त्या निर्णय देत्या झाल्या, "अरे, वराह हा तिसरा अवतार. त्यानं अख्खी पृथ्वी दातावर उचलली, तुझं हृदय त्याला जड आहे होय?" इतक्या उदार धर्मनिर्णयानंतरही डॉक्टरांनी माझे वय पाहून कार्बनच पसंत केला, ही गोष्ट आत्याबाईंनी मनाला लावून घेतली आहे.

गोळी सुरू झाल्यावर तिच्या कुळाचा शोध घेण्याचे काम आमच्या मेहुण्यांनी आपण होऊन अंगावर घेतले, आणि भर पंगतीत, वरणभातावर तूप पडत असताना, त्यांनी तो जाहीर केला. "दाजी, हे तर उंदराचं औषध!" दुर्दैवाने ते खरे आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कॅनडातील व अमेरिकेच्या उत्तर भागातील गुरे बुरसलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन, अंगावर साधी जखम झाली तरी रक्त न थांबता दगावू लागली. 1933 च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळातून एक मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्ताचे भांडे घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे पोहोचला. काही वर्षांच्या खटपटीनंतर त्या गवतातील दोषी द्रव्य हाती लागले आणि त्याच्या एका अधिक उग्र भावंडाची 1948 साली उंदीर मारण्याच्या कामी नेमणूक झाली. तेथील कामगिरी पाहूनच की काय, 1954 साली त्यास मनुष्यांत बढती मिळाली, आणि पुढील वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हृदयविकाराने अंथरुणास खिळले तेव्हा त्यांनाही हेच देण्यात आले. उंदीर आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या मध्ये कोठेतरी माझ्यासारख्या अव्वल कारकुनाची जागा असावी, असे मी मेहुण्यांना सांगितले. त्यांनी ती कोणाच्या अधिक जवळ धरली हे त्यांच्या हसण्यावरून कळले.

या गोळीचा कारभार असा की, रक्त गोठवणारी काही द्रव्ये तयार करण्यास यकृताला 'के' जीवनसत्त्व लागते, आणि ही गोळी नेमकी त्या जीवनसत्त्वाची रसद तोडते. रसद कितपत तुटली हे पाहण्यासाठी वरचेवर रक्त तपासून आय.एन.आर. नावाचा एक आकडा काढतात. निरोगी माणसाचा तो 1 च्या आसपास असतो, माझा 2.5 ते 3.5 यांच्या दरम्यान असला पाहिजे. त्याच्या खाली गेला तर झडपेवर गुठळी धरण्याचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. शिवाय आज घेतलेल्या गोळीचा पुरता अंमल दिसावयास दोन-तीन दिवस लागतात. परंतु ज्या कचेरीत माझी हयात गेली तेथील हुकुमांचा वेग ध्यानात घेता, याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

किरकोळ परिणामांची यादी लवकर आटोपतो. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. वस्तऱ्याची जागा विजेच्या यंत्राने घेतली आहे. केस विरळ होणे हाही या गोळीचा एक नोंदलेला परिणाम असल्याने, माझ्या टकलाचे उत्तरदायित्व आता वडिलांकडून गोळीकडे वर्ग झाले आहे. टेबलाच्या कोपऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी दंडावर काळेनिळे चट्टे उमटतात आणि ते जांभळ्या, हिरव्या, पिवळ्या अशा छटा पालटत पंधरवडाभर नांदतात. ते पाहून आमच्या कचेरीतील शिपायाने एकदा दार लोटून घेऊन, अत्यंत हळुवार स्वरात, "भाऊसाहेब, घरी सगळं बरं आहे ना?" असे विचारले. हा वृत्तान्त मी घरी सांगितला, तो सांगावयास नको होता असे म्हणवत नाही, कारण त्यापायी मला पुऱ्या बाह्यांचे सदरे नवे मिळाले.

परंतु खरा मुलूख गेला तो पालेभाज्यांचा. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर 'पालेभाज्या जपून' एवढी दोनच पदे होती, कारण 'के' जीवनसत्त्वाचे भांडार हिरव्या पानांत असते. त्या दोन पदांवर सौभाग्यवतींनी जे भाष्य रचले त्यात मेथी, पालक, चाकवत, चुका, माठ, शेपू व अंबाडी यांची एकजात जप्ती झाली. पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर चिमटीने वेचून काढण्यात येऊ लागली. शेजारच्या काकूंनी झाकून आणलेल्या अळुवड्या उंबरठ्यावरूनच सन्मानपूर्वक परत गेल्या, आणि गावाहून येणाऱ्या मेहुण्यांच्या पिशवीची अशी झडती होऊ लागली की त्यांनी येण्याआधी पत्राने विचारणा करण्याची पद्धत सुरू केली. मला उरली दुधी, पडवळ आणि दोडका ही त्रयी, जिच्याविषयी कोणाचेही वाईट मत नाही, कारण कोणाचे कसलेच मत नाही.

इतक्या कडेकोट बंदोबस्ताचे फळ असे की आकडा साडेतीनच्या वर चढला. गोळी कमी झाली. इतक्यात पुतणीचे लग्न निघाले. पंगतीत अळूचे फदफदे होते, वाढणारा ओळखीचा होता, आणि सौभाग्यवती विहिणींच्या दिमतीस गुंतल्या होत्या. पुढल्या तपासणीत आकडा दोनच्या खाली. गोळी वाढली. पुन्हा जप्ती, पुन्हा आकडा वर. अखेर डॉक्टरांनी आहाराची चौकशी आरंभली, तेव्हा सौभाग्यवतींनी आपल्या अंमलाचा इतिवृत्तान्त अभिमानाने सादर केला. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "अहो वहिनी, भाजी बंद करायला कोणी सांगितलं? खाऊ द्या की. फक्त रोज सारखी खाऊ द्या. त्यांच्या जेवणाच्या मापानं गोळी ठरवायचं काम माझं आहे. गोळीच्या मापानं त्यांना उपाशी ठेवायचं काम तुमचं नाही."

त्या दिवसापासून बंदी उठली. पण वाटी आली. एक ठरावीक वाटी पालेभाजी दररोज, न कमी न जास्त, आणि मागूनही पुन्हा नाही, नाकारूनही सुटका नाही. एकादशीस पेच पडला. उपासाला भाजी चालत नाही आणि वाटी चुकली तर आकडा बिघडतो. तो पेच आत्याबाईंनी पुन्हा एकवार सोडवला. "राजगिऱ्याचा दाणा चालतो ना उपासाला? मग त्याच्या पाल्यानं काय घोडं मारलंय?" आता आषाढी असो वा कार्तिकी, माझ्या पानात राजगिऱ्याची भाजी असते.

एकंदरीत या गोळीचा सर्वांत चिवट दुष्परिणाम कोणता म्हणाल, तर नियमितपणा. जेवणाची वेळ चुकवणे, झोप मोडून गप्पा छाटणे, कोणाच्या तरी घरी अवचित पंगतीस बसणे, एवढ्यावरच ज्याचे जीवन रसरशीत होते, तो इसम आज संध्याकाळच्या बातम्यांबरोबर गोळी घेतो, वाटी खातो आणि घरातील मुलांना उदाहरण म्हणून दाखवला जातो. रक्तस्राव परवडला. त्यात हितचिंतकांची भर निराळीच: कोणी लसणीचा अर्क सुचवतो, कोणी गावठी काढ्याची बाटली आणून देतो, कोणी डोके दुखते म्हणताच खिशातून ॲस्पिरिन काढतो, यातील बहुतेकांचे माझ्या गोळीशी वैर किंवा घातक सख्य आहे, हे त्यांस पटत नाही.

यास्तव वाचकांस एक विनंती करून ही कैफियत दाखल करतो. रक्त पातळ ठेवलेला असा एखादा इसम आपल्या नात्यात किंवा शेजारात असल्यास त्यास जेवावयास अवश्य बोलवावे. मात्र पालेभाजी करणार असाल तर आदल्या दिवशी कळवावे, आपल्या खिशातील गोळी व आपला काढा आपल्यापाशीच ठेवावा, आणि पान वाढून होईपर्यंत तरी उंदरांचा विषय काढू नये.