ट्रॅकवर चालत न्हाई

गॅरेजच्या दारात उभं राहून दुसऱ्याच्या गाडीचं निदान करणारी माणसं कोल्हापुरात पैशाला पासरी मिळतील. कूलंटवाला मात्र त्यांच्यातूनही वेगळा काढावा लागतो. कळंब्यात, गारगोटी रस्त्याच्या कडेला, मिस्त्रीनं रेडिएटरची टोपी उघडायचा अवकाश, हा कुठूनतरी उगवतो. आत डोकावतो, हिरवा रंग बघतो आणि पांढऱ्या रश्श्यात कुणी साखर घातल्यासारखा चेहरा करतो. "भावा, ग्लायकॉल हाय ह्यात. ट्रॅकवर चालत न्हाई." गाडीचा मालक एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला, त्याला ट्रॅक म्हणजे रंकाळ्याभोवतीची चालायची वाट एवढंच ठाऊक. पण निकाल लागलेला असतो. मग हा निकाल कूलंटपुरताही राहत नाही. लग्नाच्या पंगतीत गुलाबजामच्या पाकात बोट बुडवून, दोन बोटं एकमेकांवर घासून तो तोच शेरा मारतो. भावकीतल्या नव्या जावयाबद्दल विचारा, प्रभागातल्या उमेदवाराबद्दल विचारा, उत्तर तेच. स्प्लेंडरवाला मात्र वाचतो. तिला रेडिएटरच नसतो, आणि याचं कूलंटवाल्याला मनापासून वाईट वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट अशी, की हा माणूस ट्रॅकवर कधी गेलेला नसतो. त्याची आरसी ३९० कळंब्याहून साने गुरुजी वसाहतीपर्यंत आणि फार तर गगनबावड्यापर्यंत जाते. कोइमतूरचा कारी ट्रॅक गाठायचा तर अख्खं कर्नाटक ओलांडावं लागतं. तो बेत दर वर्षी 'दिवाळीनंतर' ठरतो, आणि दिवाळी कोणत्या सालची ते ठरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली, तीही यानं मोबाइलवरच पाहिली, आणि मार्को बेझेकी जिंकला यापेक्षा त्याच्या रेडिएटरमध्ये काय असेल याचीच चर्चा जास्त केली. त्यामुळे लोक त्याला हसतात. हसावं, हरकत नाही. अडचण इतकीच, की कूलंटच्या बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर आहे.

मोटारसायकल शर्यतींची जागतिक संघटना एफआयएम थंड करण्यासाठी पाणी, किंवा पाण्यात इथाइल अल्कोहोल, एवढंच चालवून घेते. कोल्हापुरात मोहिते अकादमीच्या ट्रॅकवर कार्ट पळतात. त्या जगातल्या रोटॅक्स इंजिनांचा नियम तर आणखी कडक, नुसतं पाणी, त्यात दुसरं काही नाही. कारण इंजिनात नाही, डांबरात आहे. गाडी आडवी घसरली की रेडिएटर फुटतो आणि लिटर-सव्वा लिटर द्रव वळणावर सांडतो. पाणी असेल तर उन्हात थोड्या वेळात उडून जातं. इथिलिन ग्लायकॉल उकळायलाच १९७ अंश सेल्सिअस लागतात. ते उडत नाही, डांबरावर बुळबुळीत पापुद्रा धरून बसतं, आणि पाणी मारलं तर आधी आणखी पसरतं. मग मार्शल सफाईला धावतात, शर्यत थांबते, आणि त्याच्याही आधी कदाचित मागून येणारा आपटलेला असतो.

यावर मिस्त्री लोकांचे आक्षेप असतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला, नुसतं पाणी उकळेल. उघड्या भांड्यात पाणी शंभरला उकळतं आणि पाणी-ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण १०७ च्या आसपास, हे खरं. पण रेडिएटरची टोपी दाब धरून ठेवते, १.१ बारच्या टोपीखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२० च्या वर जातो. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरत नाही. किलोमागे एक अंश चढायला पाणी ४.१८ किलोज्यूल घेतं, निम्मं-निम्मं मिश्रण ३.४ च्या आसपासच. ग्लायकॉलचा मोठा गुण म्हणजे ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठू देत नाही. कळंब्यात त्याचा उपयोग कुणाला, हे सांगायला नको. दुसरा आक्षेप गंजाचा, आणि तो मात्र खणखणीत आहे. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचे, मध्ये पाणी. अशा जागी गंज धरणारच, आणि पंपाचं सीलही झिजणार. म्हणून डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, त्यात वॉटर वेटर किंवा मोकूलसारखं ग्लायकॉल नसलेलं गंजरोधक मिसळायचं, नियम तेवढीही सूट देतो का ते आधी विचारायचं, आणि पाणी वरचेवर बदलायचं. "तलाव हाय की पलीकडं, घाल कळशीभर," असं कुणी म्हणालं की कूलंटवाला खरोखर दुखावतो. तलावाच्या पाण्यात क्षार असतात, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि मग इंजिन तापलं की खापर डिस्टिल्ड वॉटरवर फुटतं. तिसरा आक्षेप हुशार माणसाचा: प्रोपिलिन ग्लायकॉल विषारी नसतं म्हणे, मग ते चालेल ना? पण निसरडेपणा विषावर अवलंबून नाही. काही आयोजक त्याला परवानगी देतात, काही देत नाहीत.

राहिला शेवटचा आक्षेप, जो त्याच्या तोंडावर कुणी काढत नाही: ट्रॅकवर जायचंच नाही तर ट्रॅकचा नियम कशाला? रस्त्यावर कंपनीचं कूलंटच उत्तम, हे त्यालाही मान्य आहे. पण हा एक नियम असा आहे, ज्याचा पाळणाऱ्याला काडीचा फायदा नाही. ग्लायकॉलनं इंजिन उलट जास्त टिकतं. फायदा सगळा मागून येणाऱ्याचा, ज्याचं नावही आपल्याला माहीत नसतं. गळीत हंगामात याच गारगोटी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, पाचट पडतं, चिखल पडतो, एखाद्या वळणावर डिझेलची धार लागलेली असते. ट्रॅकवर अशा जागी पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवतात. इथं झेंडे भरपूर आहेत, पण ते वाढदिवसांच्या आणि निवडणुकांच्या कामाचे. अशा वळणावर गाडी बाजूला लावून, बांधावरची माती बुटानं ओढत तेलावर टाकणारा आणि निरगुडीची फांदी मोडून रस्त्यात उभी करणारा माणूस दिसला, तर तो बहुधा हाच असतो. जाताना तो कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तेच पालुपद पुटपुटतो.

आणि जुनं कूलंट तो गटारीत ओतत नाही. इथिलिन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडं जाऊन मरतात, हे त्यानं कुठंतरी वाचलेलं असतं. म्हणून गाडीतून काढलेलं सगळं पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून, 'विष' असं ठळक लिहून, घराच्या माळ्यावर ठेवलेलं असतं. बायको दर दसऱ्याला, घर झाडताना, हे कधी जाणार म्हणून विचारते. न्यायला कुणी येत नाही. भंगारवाला तेवढा तयार असतो. तो म्हणतो, वहिनी, आतलं ओतून द्या, कॅनचे दहा रुपये देतो.