भिंतीवरचं परकं वर्ष

संकष्टीला चंद्रपुरात चंद्र मुंबईपेक्षा साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. साधा भूगोल आहे: रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं, आणि मुंबई आपल्या पश्चिमेला साडेसहा अंशांवर. मोठ्या दिनदर्शिका गावोगावच्या वेळा तरी देतात. दुकानातून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरवर बहुधा एकच वेळ, मुंबईची. चंद्र अंगणात आलेला असतो आणि उपाशी बाई घड्याळाकडं बघत बसते.

ही कॅलेंडरं येतात कशी? नमुन्यांचा गठ्ठा घेऊन एजंट येतो. चित्रं शिवकाशीच्या छापखान्यांतली: लक्ष्मी, गोंडस बाळ, धबधबा. दुकानदार एक पसंत करतो, खाली आपलं नाव छापून घेतो, वर पत्र्याची पट्टी बसते. झालं वर्ष तयार! व्यापाऱ्यांनो, पतसंस्थांनो, नुसतं नाव आपलं छापू नका. वर्षही आपलं छापा.

ऑक्टोबर घ्या. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. 21 ऑक्टोबर 1858 ला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबूराव शेडमाके यांना चांद्यात, म्हणजे चंद्रपुरातच, फाशी झाली. माझ्या स्वयंपाकघरातल्या पानावर या दोन्ही तारखांच्या चौकटी कोऱ्या आहेत. याचा मला राग येतो. चैत्रातली महाकालीची जत्रा नाही, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेचं नाव नाही. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, वडशाची नाटकं रात्र रात्र रंगतात, त्याचा पत्ता नाही. माडिया आदिवासींचे पंडुम हे सण तर कुणी विचारातच घेतलेले नाहीत. नवं पीक, नवं फळ पंडुम झाल्याशिवाय तोंडात न घालणाऱ्या माणसांइतकं वर्ष नेमकं कोण पाळतं?

आणि मे महिना. आमच्याकडं मे म्हणजे तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. कॅलेंडरवर वाघ दिसतो तो ताडोबाच्या पाण्यात बसलेला, देखणा. मलाही आवडतो. पण 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघाचं चित्र लावणाऱ्या भिंतीवर त्या पुडे बांधणाऱ्या बायकांनाही जागा हवी. तेवढ्याच मोठ्या आकारात, तेवढ्याच चांगल्या रंगात.

हे काही अवघड नाही. बारा पानं आहेत, बारा चित्रं लागतील. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे हात इथंच आहेत. अख्खं अरण्य एका पडद्यावर उभं करणाऱ्याला मोहाचं एक झाड जड नाही. त्याला मोबदला द्या आणि चित्राखाली त्याचं नाव घाला. चार रंगांचं ऑफसेट मशीन जिल्ह्याच्या गावी आहेच. कागदाचं तर बोलूच नका: आमच्या जंगलातला बांबू पिढ्यान्‌पिढ्या बल्लारपूरच्या कारखान्यात गेला आहे. त्या कागदावर आमचा एक महिना उमटायला हवा होता.

तारखा मात्र गावात बसून, म्हाताऱ्यांना विचारून गोळा कराव्या लागतील. आठवडी बाजाराचे वारसुद्धा. आणि खाली दुकानाच्या फोनशेजारी वनविभागाचा 1926 हा मदतीचा नंबर ठळक छापा, एप्रिल-मेच्या पानांवर तर सगळ्यात वर.