निळ्या नेलपॉलिशला अनावृत पत्र

श्रीमती गडदनिळी चमचमती नेलपॉलिश यांसी,
मु. पो. आरशाखालचा खण.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, दुकानातल्या बाटलीत आपण अवसेचं आभाळ होतात. घरी पहिला हात दिला आणि माझी दहाही बोटं दारात चेमटल्यासारखी दिसू लागली. शेजारच्या काकूंनी तर हळहळून सल्ला दिला, ‘हळद लाव गं, रक्त साकळलंय.’ दुसऱ्या हातानंतर चमक दिसली, पण तोवर काकू घरी गेल्या होत्या.

ही चमक म्हणजे मुख्यतः अभ्रक. त्याच्या बारीक कपच्यांवर टायटॅनियम डायॉक्साइडचा पातळ थर चढवला की प्रकाश असा झळाळून परततो. पण हे अभ्रक भारी आळशी, तळाशी जाऊन बसतं. त्याला उठवायला आत पोलादी गोळ्या ठेवाव्या लागतात, आणि बाटली खदाखदा हलवली की बुडबुडे येतात. म्हणून आपल्याला तळहातांत हळूहळू घोळवायचं. एवढे लाड मी जावयाचेही करणार नाही.

आपल्या लेबलावर ‘फेरिक फेरोसायनाइड’ लिहिलंय. सासूबाई भिंग घेऊन वाचत होत्या, त्या ‘सायनाइड’पाशी थबकल्या. मी समजावलं, की हा प्रशियन निळा रंग, 18व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला. त्यातलं सायनाइड लोखंडाने घट्ट धरून ठेवलेलं असतं, आणि थॅलियमची विषबाधा झाली तर डॉक्टर हेच औषध म्हणून देतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘असू दे. कणीक मी मळते.’

खरी गोष्ट पुढेच आहे. आपण वाळता फार सावकाश. एथिल आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेट उडून जाणार, मग नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा धरणार; तोही वरून आधी, आतून मागाहून. वाळली समजून उशीवर हात टेकला, तर सकाळी नखांवर अभ्र्याचं विणकाम उमटलेलं असतं. म्हणून मी बोटं फाकवून नुसती बसते. त्या वेळात तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायचा असतो, हे आमच्या ह्यांना कळलं. बेल वाजली की दार घरातलं दुसरं माणूसही उघडू शकतं, हे चिरंजीवांना कळलं. लग्नापासून मी तोंडाने सांगत आले, ते आपण न बोलता करून दाखवलंत.

मान मात्र आपल्याला कमीच. मतदानाची म्हैसूरची शाई 1962 पासून डाव्या तर्जनीवर दिमाखात बसते, लोक तिचे फोटो काढून मिरवतात. आपल्या नशिबी अ‍ॅसिटोनचा बोळा. त्यातही ही चमक चिवट. नख सुटतं, पण कडेची कातडी निळीच राहते.

तरी विनंती की, झटपट वाळण्याची नवी विद्या आपण कृपा करून शिकू नये. भाजी अजून फोडणीला पडायची आहे, ती ह्यांनी घालावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बोटं फाकवून बसलेली गृहिणी

ता. क. नखं ओली असल्याने हे पत्र चिरंजीवांकडून लिहवून घेतलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांच्या.