कावळा शिवेना, सेल्फी संपेना

माझा मावसभाऊ एका मालिकेत हवालदार होता. आरोपीला कोठडीत ढकलायचं आणि "साहेब, बोलावलंत?" एवढंच म्हणायचं. तेवढ्यावर कामशेतच्या बाजारात त्याची घासाघीस कायमची बंद झाली. मेथीच्या जुडीमागं पाच रुपये कमी करा म्हटलं, की भाजीवाली मावशी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "टीव्हीत काम करता, आन् पाच रुपयासाठी रडता व्हय?" मालिकेचे पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडतात, हे त्या माउलीला कोण सांगणार? तो मुकाट्यानं मेथी घ्यायचा.

कळस झाला तो आमच्या आत्याच्या दहाव्याला. इंद्रायणीकाठी पिंड ठेवलेला, कावळे झाडावर, आणि खाली मंडळी हवालदाराभोवती. एकीनं तर कडेवरचं पोर त्याच्या हातात देऊन फोटो काढला. पोर रडलं, फोटो पुन्हा काढला. कावळा काही शिवेना. धाकट्याचं लग्न करू, सुनेला अंतर देणार नाही, विहिरीचा वाद मिटवू, अशी आश्वासनं देऊन झाली. आत्या बधेना. शेवटी गुरुजीच म्हणाले, "हवालदारसाहेब, जरा पलीकडं जाता का?" तो गेला, मागोमाग गर्दी गेली आणि कावळा आला. दक्षिणा घेतल्यावर गुरुजींनीही एक सेल्फी काढून घेतली.

हवालदाराची ही गत, तर नायकाची काय असेल! लोणावळा-खंडाळ्याकडं नटमंडळी फार्महाऊस बांधतात, ती लोकांना श्रीमंती वाटते. मला तो दंड वाटतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर चिंब भिजत कणीस खायला आपल्याला किरकोळ खर्च येतो. त्यांना तोच पाऊस अंगावर घ्यायला जमीन घ्यावी लागते, कुंपण घालावं लागतं, फाटकावर माणूस ठेवावा लागतो. कणीसही स्वतःच पेरावं लागतं.

धर्मेंद्र यांनी तेच केलं. 1935 साली पंजाबात जन्मलेला, खेड्यातल्या शिक्षकाचा हा मुलगा 1966 च्या 'फूल और पत्थर'नं मोठा नायक झाला, आणि उतारवयात लोणावळ्याच्या शेतावर रमला. गुरंढोरं, भाजीपाला, ट्रॅक्टर यांचे व्हिडिओ ते स्वतःच हौसेनं टाकायचे. म्हणजे गाव सोडून मुंबई गाठायची, हयातभर चित्रपट करायचे आणि त्या कमाईतून पुन्हा गोठ्यात यायचं. आमचा मावळातला शेतकरी गोठ्यापर्यंत एकही चित्रपट न करता पोचलेला असतो. अर्थात तो जमीन विकून तळेगावात फ्लॅट बघतो, हा भाग वेगळा.

पण कुंपण घालून माणूस किती वाचणार? 11 नोव्हेंबर 2025 ला धर्मेंद्र जिवंत असताना त्यांच्या निधनाची बातमी देशभर फिरली, श्रद्धांजल्याही वाहून झाल्या. हेमा मालिनींना चारचौघांत खडसवावं लागलं. ते गेले 24 तारखेला. आमच्या आत्याला कावळ्याची वाट बघावी लागली. इथं माणूस जायच्या आधीच कावळे हजर.

हे झालं प्रसिद्धी न सोडल्याचं. ती सोडून गेल्यावर काय होतं, तेही मावळानंच पाहिलं, आणि तिथं माझा विनोद चालत नाही. 'देवता', 'मुंबईचा फौजदार' यांचे नायक रवींद्र महाजनी. मराठी पडद्यावरचा इतका देखणा माणूस क्वचितच झाला असेल. तळेगावजवळ आंबीला ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. जुलै 2023 मध्ये दुर्गंधी येऊ लागली, पोलिसांनी दार उघडलं. जाऊन दोन-तीन दिवस झाले असावेत, असं तेव्हा सांगितलं गेलं. वय 77. मग मात्र सगळ्या महाराष्ट्राला त्यांची एकदम आठवण झाली आणि लोक मोबाईल काढून त्यांच्या मुलाला, गश्मीरला, जाब विचारू लागले. इतके दिवस बाप आठवला नव्हता, पण मुलगा कसा वागला हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

तेव्हा एवढंच करा. लोणावळ्याच्या बाजारात ओळखीचा चेहरा चिक्कीचा भाव विचारताना दिसला, तर त्याला घासाघीस करू द्या. आणि शेजारचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर जाऊन वाजवा. आत कोण राहतं ते मागाहून विचारा.