क्लिनिकली कोरिलेट करावे

सांगलीत माझं सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनचं सेंटर आहे. बाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, आत अंधार आणि अंधारात मी. गेल्या काही वर्षांत या अंधारात माझ्या शेजारी स्टूल ओढून बसणाऱ्या पोरांची एक जमातच तयार झाली आहे. वय पंचवीस-अठ्ठावीस, शिक्षण एमबीबीएस, पाठीला सॅक, डोळ्यांखाली काळं. अमेरिकेत जाऊन रेडिओलॉजी करायची, एवढा एकच ध्यास. निवडणुकीचं तिकीट मागणाऱ्याला आणि लग्नाला उभा राहिलेल्याला आपण जो शब्द वापरतो, तोच यांना शोभतो. इच्छुक.

इच्छुक ओळखायची खूण सोपी आहे. त्याला विचारावं, "जेवलास का?" साधा माणूस हो किंवा नाही म्हणतो. इच्छुक म्हणतो, "तसं म्हटलं तर नाश्ता उशिरा झालाय, सर." रेडिओलॉजीत अजून पाऊल पडलेलं नसतं, पण रेडिओलॉजिस्टची भाषा मात्र अंगात भिनलेली असते. आमच्या धंद्यात 'आहे' आणि 'नाही' हे शब्द फार जपून वापरतात. सावली दिसली तर 'शक्यता नाकारता येत नाही', नाही दिसली तर 'या तपासणीत आढळले नाही', आणि दोन्हींच्या खाली 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. म्हणजे आम्ही बघितलं, आता तुमचं तुम्ही बघा.

या जमातीतला एकजण माझ्याकडे सगळ्यांत जास्त दिवस बसला, म्हणून त्याचं सांगतो. वडील मार्केट यार्डात हळदीचे अडते. एकदा आत्यानं विचारलं, "मुली बघायच्या का रे?" हा म्हणाला, "सध्याच्या टप्प्यावर नक्की सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू." आत्यानं घरी जाऊन सांगितलं, याचं कुठंतरी जमलंय.

जमलेलं काहीच नव्हतं, तीच तर गोष्ट आहे. आपल्याकडे नीट-पीजीत वरचा नंबर आला की पोरं डोळे झाकून रेडिओलॉजी उचलतात. रात्रीची झोप त्यातल्या त्यात बरी आणि पेशंट दोन मिनिटांत बाहेर. याचा नंबर असा लागला की शरीररचनाशास्त्र त्याला अगदी आग्रहानं मिळत होतं. तेव्हा मिरजेत नाही तर मॅसॅच्युसेट्समध्ये, असं त्यानं ठरवलं. दोन्ही नावं म वरून सुरू होतात, एवढंच साम्य.

पहिली पायरी स्टेप वन. दिवसभर २८० प्रश्न. यात इतके गुण काढायचे की अमेरिकेतल्या विभागप्रमुखानं चहाचा कप खाली ठेवावा, असा बेत होता. पण २६ जानेवारी २०२२ पासून या परीक्षेचे गुण जाहीर करणंच बंद झालं. पास किंवा नापास, बस्स. त्या तारखेच्या आत परीक्षा द्यायला झुंबड उडाली आणि याला मुंबईच्या केंद्रावर तारीख मिळाली फेब्रुवारीतली. निकाल आला तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो.

"किती?" वडिलांनी विचारलं.

"पास."

"पास ते कळलं. पण किती?"

"तेवढंच सांगतात, पप्पा."

अडत्याच्या घरात ही मोठी पंचाईत. पोत्यात हात घालून, हळकुंड मोडून, आतला रंग बघून ज्यांनी जन्मभर भाव ठरवला, त्यांना 'माल आहे' एवढ्यावर सौदा कसा होतो ते कळेना. "मग हुशार आणि बिनहुशार निवडायचे कसे, डॉक्टरसाहेब?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, स्टेप टूला अजून गुण आहेत. ते जरा शांत झाले.

स्टेप टू झाली, बाँडचं वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंश आणि शवविच्छेदनं करत गेलं. मग आली इंग्रजीची परीक्षा. ओईटी तिचं नाव, खास दवाखान्याच्या इंग्रजीची. त्यात समोरचा माणूस खोटा पेशंट होतो आणि आपण त्याला खरा धीर द्यायचा. ज्या पेशंटशी फार बोलावं लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, त्याचाच खांदा थोपटल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. आमचा इच्छुक महिनाभर माझ्या रिसेप्शनिस्टला समोर बसवून "मला तुमची काळजी समजते" असं इंग्रजीत म्हणत होता. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सर, पगारवाढ देणार नसाल तर तसं सरळ सांगा."

मग एक वर्ष अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बिनपगारी संशोधन. त्याबद्दल तो फार बोलत नाही. थंडी होती, डाळभात होता, आणि आठ लेखकांच्या यादीत सहावं नाव होतं.

शिफारसपत्राची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अर्जाला तीन-चार पत्रं लागतात. त्यातलं एक मी द्यावं, अशी त्याची इच्छा. मी आनंदानं लिहिलं. आपल्या पद्धतीनं. 'सदर विद्यार्थी माझ्याकडे नियमित येत असे. काम समाधानकारक. वर्तणूक चांगली.' यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. पत्र वाचून पोराचा चेहरा असा झाला की जणू त्याच्याच छातीच्या एक्स-रेत मला काहीतरी दिसलंय.

"सर, समाधानकारक?"

"मग? मी स्वतः आयुष्यात कुणाकडून समाधानकारक ऐकलेलं नाही."

तेव्हा त्यानं मला समजावलं. अमेरिकन पत्रात समाधानकारक म्हणजे हा मनुष्य यंत्रं चोरतो. चांगला म्हणजे चोरत नाही, पण लक्ष ठेवा. उत्तमपासून खरी सुरुवात, आणि 'माझ्या आयुष्यात पाहिलेल्या सर्वोत्कृष्ट पाचांपैकी एक' म्हटलं की पत्र वाचण्यालायक होतं. मी त्याला म्हटलं, तूच कच्चा मसुदा आण. त्यानं आणला. वाचून मला स्वतःचीच लाज वाटली, की असा माणूस वर्षभर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता आणि मी त्याला बाहेर चहा सांगायला पाठवत होतो. थोडी हवा काढून सही केली. आणि मग गंमत अशी की अर्जात उमेदवारानं लिहून द्यायचं असतं, हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडत आहे. त्यानं गंभीर चेहऱ्यानं त्या चौकटीत खूण केली. मीही गंभीर चेहऱ्यानं दुसरीकडे पाहिलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये अर्ज गेले. पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर, ३१व्यापासून प्रत्येकी ३०. हा हिशेब वडिलांना काही केल्या पचेना. "जास्त माल उचलला की भाव उतरतो. इथं चढतो? हे कुठलं मार्केट?" शंभर अर्जांचे २४३० डॉलर झाले. वर पहिल्या वर्षाचे वेगळे. कारण अमेरिकेत रेडिओलॉजीची चार वर्षं सुरू होण्याआधी एक वर्ष मेडिसिन, सर्जरी असं काहीतरी वॉर्डातलं करावं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्या वर्षाची जागा निराळी शोधावी लागते. "म्हणजे मुलगी वेगळी ठरवायची आणि मंगल कार्यालय वेगळं?" वडील म्हणाले. अगदी तसंच. आणि शंभर ठिकाणी अर्ज केला तरी 'आम्हाला तुम्हीच हवे' हे कळवायला सोनेरी खुणा सहा आणि रुपेरी सहा. शंभरांना नमस्कार, बारांनाच डोळा मारायचा.

या काळात घराबाहेर पडणं अवघड. लग्नामुंजीत कुणीतरी पंगतीत विचारतोच, "पण आता हे सगळं एआयच करणार ना?" विचारणाराचा दोष नाही. २०१६ साली जेफ्री हिंटन या मोठ्या शास्त्रज्ञानंच सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट शिकवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्रं त्यांच्यापेक्षा सरस होतील. पाच वर्षं गेली, आणखी तीन गेली, आणि २०२४ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रेडिओलॉजीच्या जागांसाठी मारामारी सुरूच. भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ साली कुणाला मिळालं होतं? क्ष-किरण शोधणाऱ्या राँटगेनला. दुकान उघडणाऱ्यालाही नोबेल आणि दुकान बंद करा म्हणणाऱ्यालाही. मधे गल्ल्यावर बसलेल्या आम्हाला कुणी विचारत नाही.

मुलाखती आल्या. मोजक्या. करोनापासून त्या घरबसल्याच होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री. मागं दिसायला पुस्तकांचं कपाट हवं म्हणून माझी पुस्तकं टेम्पोतून त्याच्या खोलीत गेली ती अजून परत यायची आहेत. "तुम्ही संघात काम केल्याचा प्रसंग सांगा," हा प्रश्न हमखास. याच्याकडे प्रसंग होता आणि तो खरा होता. ऑगस्ट २०१९चा महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि हा पोरगा मदतछावणीत रात्रंदिवस राबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या मुलाखतीत त्यानं ते नीट सांगितलं. समोरच्या बाई भारावल्या. दुसऱ्या मुलाखतीत होडी आली. तिसऱ्यात होडीत गरोदर बाई. पाचव्या मुलाखतीनंतर मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "बाबा रे, आणखी एक मुलाखत झाली तर पाणी गणपतीच्या कळसाला लागेल. आवर."

शेवटी पसंतीची यादी. इच्छुक आपल्या पसंतीनं हॉस्पिटलं लावतो, हॉस्पिटलं आपल्या पसंतीनं इच्छुक लावतात, आणि कॉम्प्युटर जुळवतो. याला म्हणायचं मॅच. आजीला हे समजावताना कुणालाच फार त्रास पडला नाही.

"कुंडली कोण बघतं?"

"कॉम्प्युटर."

"गुण?"

"स्टेप टूचे."

"आणि नाडी?"

"व्हिसा, आजी."

"हां. मग तिथंच अडकतंय बघ," आजी म्हणाल्या. विनोद सोडा, या जुळवणीमागचं गणित १९६२ साली गेल आणि शॅप्ली यांनी मांडलं तेच मुळी लग्नाचं उदाहरण घेऊन. त्यातल्या शॅप्लींना आणि मॅचचं गणित सुधारणाऱ्या ॲल्विन रॉथना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हळदीच्या अडत्याच्या एका पोराचं जमावं म्हणून किती नोबेलवाले राबले, मोजा.

मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त एवढंच कळतं की जमलं की नाही. कुठं, ते शुक्रवारी. मधले चार दिवस इच्छुकांच्या घरी कुणी मोठ्यानं शिंकत नाही. २०२५ साली तो सोमवार १७ मार्चला आला, रंगपंचमीच्या दोन दिवस आधी. संध्याकाळी मला फोन आला. मी गेलो. लॅपटॉपभोवती घर उभं होतं.

"अभिनंदन लिहिलंय, डॉक्टरसाहेब," वडील म्हणाले, "पण हा हसंना."

मी वाचलं. अभिनंदन, आपली एका वर्षाच्या जागेसाठी निवड झाली आहे. म्हणजे वॉर्डातलं पहिलं वर्ष मिळालं होतं. पुढची रेडिओलॉजीची चार वर्षं मिळाली नव्हती. मी ते कसं सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात वडिलांनीच ओळखलं. "कार्यालय मिळालं. मुलगी नाही."

कुणी काही बोलेना. मग पेढ्यांचा प्रश्न आला. सांगितलेले होते दोन किलो. आई म्हणाली वाटायचे, पोरगा म्हणाला नको. वडिलांनी दुकानात फोन लावला आणि म्हणाले, "एकच किलो दे."

शुक्रवारी रात्री गाव कळलं. मिशिगनमधलं होतं. म वरून सुरू होतं, हे मी बोललो नाही. मग मे महिन्याच्या अखेरीस व्हिसाच्या नव्या मुलाखतीच देणं बंद झालं, जूनमध्ये पुन्हा सुरू झालं, आणि आजीची नाडी अडकता अडकता सुटली. पोरगा गेला.

डिसेंबरातली गोष्ट. मी दुपारचा डबा उघडत होतो. फोन वाजला. तिकडे पहाटेचे तीन.

"सर, एक पेशंट आहे, पोटात दुखतंय. सीटी केलं. रिपोर्ट आलाय. अपेंडिक्स नीट दिसत नाही म्हणे. अपेंडिसायटिस नाकारता येत नाही म्हणे. आणि खाली काय लिहिलंय माहितेय?"

"क्लिनिकली कोरिलेट करावे."

"काय कोरिलेट करू, सर? कोरिलेट करून कळलं असतं तर सीटी कशाला काढलं असतं? हो किंवा नाही सांगायला यांचं काय जातं? अंधारात बसायचं, कॉफी प्यायची, आणि..." तो थांबला. मीही चमचा खाली ठेवला होता.

"पुन्हा अर्ज केलास ना?" मी विचारलं.

"केलाय, सर. सप्टेंबरमध्ये. तीन मुलाखती झाल्या."

"पूर सांगितलास?"

"एकदाच. ५७ फूट."

मागं कुठलंतरी यंत्र वाजत होतं, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. ठेवता ठेवता मी सवयीनं म्हटलं, "जेवलास का रे?"

"नाही," तो म्हणाला.

इतकं सरळ उत्तर ऐकून मला त्याच्या रेडिओलॉजीची पहिल्यांदाच काळजी वाटली.