लोणच्याचा डाग

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक लोखंडी कपाट आहे. त्यात दीडेकशे पुस्तकं असतील. रविवारी सकाळी दहा ते बारा मी त्या कपाटापाशी खुर्ची टाकून बसतो. मला कुणी ग्रंथपाल नेमलेलं नाही. एकदा किल्ली माझ्याकडे राहिली, ती राहिलीच. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरची एक बाई आपल्या मुलीला पुढे घालून आली. मुलीच्या हातात ‘फास्टर फेणे’ आणि मान खाली. "काका, सॉरी हं. जेवताना वाचू नकोस म्हणून शंभरदा सांगितलंय हिला," असं म्हणत बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं. कैरीच्या लोणच्याचा खार सांडला होता. तेल तीन पानं खोल उतरलेलं, कडेला हळदीची पिवळी किनार, आणि मधोमध मोहरीची एक डाळ बेटासारखी बसलेली. मी चेहरा शक्य तितका गंभीर केला. आतून मात्र फार दिवसांनी घरी पाहुणा यावा तसं झालं होतं.

डागांचा आणि माझा जुना हिशेब आहे. लहानपणी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटमध्ये ‘वाचाल तर वाचाल’ असं लिहिलेलं होतं. श्लेष कळायचं माझं वय नव्हतं, त्यामुळे मला ती सरळसरळ धमकी वाटायची. पुस्तक नाही वाचलं तर आपलं काही खरं नाही, एवढा बोध घेऊन मी दर शनिवारी जीव वाचवायला तिथे जात असे. त्या धमकीच्या बरोबर खाली वाचनालयाचे गुरुजी बसत. परत आलेलं पुस्तक ते खिडकीच्या उजेडात धरून, तलाठ्यानं सातबारा तपासावा तसं पानपान न्याहाळत. डागाला दहा पैसे. त्यामुळे मी हात धुऊन, पुसून, मांडीवर टॉवेल पसरून वाचायचो. अर्नाळकरांचा झुंजार मोठ्यांच्या फडताळात होता. तो मात्र मोठ्या भावाच्या उशाखालून काढून, शेंगदाणे खात वाचला. त्यातला शब्दन् शब्द आठवतो. टॉवेलवर वाचलेलं काय होतं, विचाराल तर सांगता येणार नाही.

आता किल्ली हाती आल्यापासून मी गुरुजींचाच धंदा करतो, फक्त उलट्या बाजूनं. दुपारी एकटा असलो की पुस्तकं उजेडात धरून डाग शोधतो. ‘किशोर’च्या जुन्या अंकांवर मेणाचे थेंब आहेत, म्हणजे वीज गेली तरी गोष्ट थांबली नव्हती. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये इवल्याशा बोटांचे ठसे आहेत, तेही बहुतेक चित्रांवरच. पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. तेव्हा ती दाद त्यांना पोचलीच म्हणायची. आणि ‘श्यामची आई’! साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक पाच दिवसांत लिहून काढलं. आमच्या प्रतीत पहिल्या सातआठ रात्री मळलेल्या आहेत, मधल्या रात्री पौर्णिमेसारख्या कोऱ्या, आणि शेवटच्या दोन पुन्हा चांगल्या हाताळलेल्या. कुणाच्या तरी पोटात कालवलं असणार आणि आई वाचते का, एवढंच बघायला तो किंवा ती भराभर पुढे गेली असणार. त्या निळ्या भिंतीवरचा श्लेष मला कळला तो तिथे, साठीनंतर.

सर्वात स्वच्छ आहे तो वरचा कप्पा. व्यक्तिमत्त्व विकास, यशाची सूत्रं, थोरांची सचित्र चरित्रं. मुलांनी वाचावीत म्हणून पालकांनी मोठ्या मनानं दिलेली ही पुस्तकं, दिल्या दिवसापासून लग्नातल्या न उघडलेल्या आहेरासारखी उभी आहेत. १५ ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाला, ती खाली उतरतात. मुलं ती छातीशी धरून रांगेत उभी राहतात, फोटो निघतो, पुस्तकं पुन्हा वर जातात. मुलांना वाचायला लावण्याची आपली तऱ्हा अशी, की पुस्तक औषधासारखं हातात द्यायचं आणि वर विचारायचं, काय शिकलास? २०१७ साली पाचगणीजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की गाव तर स्ट्रॉबेरीचं, आता त्या पानांचं काय होणार! दुसरा विचार असा, की जागा अगदी बरोबर निवडली आहे.

‘फास्टर फेणे’ लिहिणारे भा. रा. भागवत ‘काय शिकलास?’ असलं काही विचारत नाहीत. त्यांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला, हाडकुळा पोरगा. तो सुटतो, धडपडतो, नको तिथे नाक खुपसतो, आणि त्याच्या मागं धावता धावता वाचणाऱ्याच्या हातातला घास तसाच राहतो. आज फुरसुंगी म्हटलं की पुणेकरांना कचरा डेपो आठवतो. त्या मुलीला विचारलं, "फुरसुंगी कुठे आहे गं?" ती म्हणाली, "फास्टर फेणेच्या घराजवळ." मग मान वर झाली, आणि जीभ टाळूला लावून तिनं एक खणखणीत "ट्टॉक!" काढला. "दिवसभर हेच चालू असतं," आई म्हणाली. मी विचारलं, डाग पडला तेव्हा गोष्टीत काय चाललं होतं? मुलीनं सगळं सांगितलं, मोहरीच्या डाळीवर बोट ठेवून.

दंड घ्यायला मी नकार दिला. पण बाई सरळमार्गी. पुढच्या रविवारी त्याच पुस्तकाची नवी कोरी प्रत, वर खाकी कव्हर घालून, घेऊन आल्या. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. डागाची प्रत त्याच सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं नेली. ती अजून परत आलेली नाही. नवी कपाटातच आहे.